मास्तरीणबाईंचं वांग

मास्तरीणबाईंच्या तोंडावर काहीतरी आलंय हे घरातल्या कुणी नाही, तर त्यांच्या एका विद्यार्थ्याने सांगितलं, आणि तेही भर चौकात, सिग्नल लाल असताना.

ती गाडी चालवायला शिकवायची, म्हणून सगळी गल्ली तिला मास्तरीणच म्हणायची. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर परतली होती. त्या दिवशी तिच्या शेजारी स्टिअरिंगला घट्ट मिठी मारून बसले होते एक नुकतेच निवृत्त झालेले हेडक्लार्क. गाडी थांबली तसा त्यांनी मोठा सुस्कारा सोडला, मास्तरणीकडे वळून पाहिलं आणि खिशातून घडी घातलेला रुमाल काढला.

"मॅडम, राग मानू नका. गालाला ग्रीस लागलंय."

मास्तरणीने रुमाल घेऊन गाल पुसला. "गेलं?"

"नाही. जरा वर."

तिने जोर लावून घासलं. "आता?"

"आता लाल झालंय," हेडक्लार्क अगदी फाइल तपासावी तसे बघत म्हणाले, "पण काळं आहे तसंच आहे."

मास्तरणीने तिच्या बाजूचा जादाचा आरसा वाकवला आणि भर उन्हात स्वतःचं तोंड पाहिलं. दोन्ही गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर तपकिरी छटा पसरली होती. कुणीतरी चहा सांडावा आणि अर्धवट पुसून निघून जावं तशी. खिडकीकडचा गाल तर दुसऱ्यापेक्षा चांगलाच गडद. पोटात बाळ असतानाच हे थोडंथोडं दिसायला लागलं होतं, पण बाळ झालं की जाईल असं सगळ्यांनी सांगितलं होतं. बाळ आलं, हे मात्र जायचं नाव घेईना.

मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता.

"क्लच सोडा," ती म्हणाली, "सावकाश."

हेडक्लार्कांनी तो एकदम सोडला आणि गाडी बेडकासारखी उड्या मारत चौक ओलांडून गेली.

घरी आल्याआल्या तिने पर्स भिरकावली आणि नवऱ्याला धरलं. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांना 'वरची ओळ वाचा, खालची ओळ वाचा' करणारा माणूस.

"गावाचे डोळे तपासतोस आणि बायकोच्या तोंडावरचं दिसत नाही?"

"दिसलं होतं की," नवरा चाचरत म्हणाला. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

"आणि सांगायला काय झालं होतं?"

"जिवाची भीती असते माणसाला."

आतून सासूबाई बाळाला खांद्यावर थोपटत बाहेर आल्या. त्यांनी सुनेची हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं. "वांग आहे ते."

"वांगं?" नवऱ्याने विचारलं. "तोंडावर?"

"वांगं नाही रे, वांग! बाळंतपणानंतर येतं बायकांना. बटाट्याच्या चकत्या लावल्या की जातं."

वरच्या मजल्यावर नवऱ्याची आत्या राहायची. आत्याबाईंचे कान असे, की खाली कुणी डबा उघडला तरी वर त्यांना आत काय आहे ते कळायचं. त्या लगेच खाली उतरल्या. त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि त्यांना सध्या प्रत्येक गोष्टीत लग्नच दिसत होतं.

"बटाट्याने काय होतंय, वहिनी? सगळे फोटो काढणार आहेत लग्नात! माझ्या पार्लरवालीकडे एक क्रीम आहे. काळ्या दगडाला लाव, संगमरवर होईल."

"लिंबू पण चांगलं म्हणतात," नवऱ्यानेही आपलं घोडं पुढे दामटलं. बायकोला खूश करायची ही संधी त्याला सोडायची नव्हती.

त्यानंतर मास्तरणीच्या तोंडाचं स्वयंपाकघर झालं. सकाळी बटाटा, दुपारी दही, संध्याकाळी लिंबू. एके दिवशी तर सासूबाई एका गालाला चकत्या चिकटवत होत्या, नवरा दुसऱ्या गालावर लिंबाची फोड घासत होता आणि आत्याबाई पुढ्यात उभ्या राहून बिननावाच्या पांढऱ्या डबीचं झाकण फिरवत होत्या. तेवढ्यात बाळ भुकेने रडायला लागलं. मास्तरणीने त्याला कुशीत घेतलं. बाळाने सवयीने आईच्या गालाला तोंड लावलं, लिंबाची चव लागताच असं काही तोंड केलं, की त्याला पाहून सगळेच खो खो हसत सुटले.

मास्तरीण हसली नाही. दिवसभर तिने हेच सोसलं होतं. कामावर कुणी तिच्या डोळ्यांकडे बघून बोलत नव्हतं, सगळ्यांची नजर चार बोटं खाली. भाजीवाल्या बाईने 'भाजलं का गं?' विचारलं. ओळखीच्या एकीने 'यकृताकडे लक्ष दे' असं कानात सांगितलं. आणि आता घरची माणसं तिच्या गालांवर शेती करत होती.

तिने गालावरच्या चकत्या एकेक करून सोलून काढल्या आणि बशीत ठेवल्या. मग तिच्या डोळ्यांत ती जुनी मिश्किल झाक चमकली, जी बाळंतपणानंतर कुणी पाहिली नव्हती.

"आमच्या गाडीत एक नियम आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "जो शिकवतो, त्याला आधी स्वतःला चालवता आलं पाहिजे. आजपासून हाच नियम घरात. ज्याने उपाय सुचवला, त्याने तो आधी स्वतःच्या तोंडाला लावायचा. ज्याचं तोंड सगळ्यात छान दिसेल, त्याचा उपाय मी डोळे मिटून करीन."

"मला कुठे वांग आहे?" नवरा म्हणाला.

"मग तर तुझं काम सोपंच. बिघडायला काही नाही."

सासूबाईंनी आत्याबाईंकडे पाहिलं, आत्याबाईंनी सासूबाईंकडे. या दोघींचं नणंद-भावजयीचं नातं असं होतं, की एकीने छत्री उघडली तर दुसरी पाऊस नाही म्हणून सांगायची. नकार कोण देणार?

"मी तयार आहे," आत्याबाई म्हणाल्या.

"मी तर कधीचीच," सासूबाई म्हणाल्या.

आणि तोंडांची शर्यत सुरू झाली.

सासूबाई रोज दुपारी चेहराभर चकत्या लावून आरामखुर्चीत मागे रेलायच्या आणि तशाच झोपी जायच्या. एकदा दारावरची बेल वाजली. त्या झोपेतच उठल्या आणि दार उघडलं. पार्सल घेऊन आलेल्या माणसाने पाहिलं, एक बाई उभी आहे, तिच्या कपाळावरून एक गोल तुकडा सुटून घरंगळत खाली येतोय, आणि ती शांतपणे म्हणतेय, "सही कुठे करू?" त्या माणसाने पार्सल दारात ठेवलं आणि सहीबिही न घेता जिना उतरला. बटाट्याने सासूबाईंच्या चेहऱ्याचं ना भलं झालं ना बुरं. "मऊ वाटतंय पण," त्या रोज संध्याकाळी गाल चाचपत सांगायच्या, आणि मास्तरीण गंभीरपणे मान डोलवायची.

नवऱ्याने लिंबाच्या बाबतीत जरा जास्तच उत्साह दाखवला. सुट्टीच्या दिवशी त्याने दोन्ही गालांना, कपाळाला आणि हौस म्हणून मानेलाही भरपूर रस चोळला आणि गच्चीत खुर्ची टाकून पेपर वाचत बसला. रस ओघळला, तोही त्याने पुसला नाही. म्हटलं, मुरू दे. ऊन कडक होतं. पेपर संपेपर्यंत चेहरा चुरचुरायला लागला. पुढचे दोन-चार दिवस तो नुसता लालबुंद होता. मग लाली ओसरली आणि जिथून जिथून रस ओघळला होता, तिथे तिथे गालांवरून मानेपर्यंत तपकिरी पट्टे उमटले. आरशासमोर उभं राहून त्याने ते ओल्या फडक्याने पुसायचा प्रयत्न केला.

"ग्रीस असेल," मास्तरीण मागून म्हणाली. "जरा वर."

दुकानात गिऱ्हाइकं चष्मा लावून बघायची आणि आधी आरशात न बघता त्याच्याकडेच टक लावायची. एका आजोबांनी नवा चष्मा परत केला. म्हणाले, यातून तुम्ही पट्टेरी दिसता.

आत्याबाईंचं मात्र नशीब फळफळलं होतं. त्या क्रीमने खरोखरच जादू केली. आठवड्याभरात चेहरा असा तुकतुकीत झाला, की शेजारणी मुद्दाम दार उघडून बघायला लागल्या. आत्याबाई पायऱ्या उतरायच्या त्याही आता सावकाश, प्रत्येक पायरीवर उजेड पडेल अशा. "बघ," त्या सासूबाईंना म्हणायच्या, "बटाटा भाजीत घालायचा असतो, वहिनी." एक डबी त्यांनी मास्तरणीच्या हातात कोंबली आणि सांगितलं, "नियम नियम असतो. मी जिंकले. आता लाव मुकाट्याने."

मास्तरणीने डबी घेतली खरी. दुपारी बाळ झोपल्यावर डबी घेऊन ती न्हाणीघरात आरशासमोर उभी राहिली. एरवी ती हल्ली दिवा न लावताच तोंड धुवायची. आज तिने दिवा लावला. थट्टामस्करी आपल्या जागी, पण ते डाग बघून तिला रडू यायचं, आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. बाळ हवं होतं, बाळ आलं, बाळ गोड होतं. मग आपण गालावरच्या डागांसाठी डोळे ओले करतो, हे कुणाला कसं सांगायचं? तिने डबीचं झाकण काढलं. गुलाबाचा वास आला. तिने बोट बुडवलं.

तेवढ्यात दार धडाधड वाजलं.

"दार उघड! डबी दे आधी! माझी संपली, आणि ती पार्लरवाली मेली गावाला गेलीय!"

मास्तरणीने दार उघडलं. समोर आत्याबाई. काल-परवापर्यंतच्या संगमरवराचा आता पिकलेला टोमॅटो झाला होता. गाल लालभडक, त्यावर बारीक पुटकुळ्या, डोळ्यांखाली सूज.

"क्रीम थांबवलं तर हे असं झालं," आत्याबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "लावलं की बरं वाटतं. दे लवकर!"

मास्तरणीने आत्याबाईंकडे पाहिलं, मग आपल्या बोटाच्या टोकाकडे. शांतपणे नळ सोडला, बोट साबणाने धुतलं, डबीचं झाकण घट्ट लावलं आणि ती पाठीमागे लपवली.

"आत्याबाई, पदर सावरा. आपण डॉक्टरकडे जातोय."

एकट्या आत्याबाई गेल्या असत्या तर गोष्ट सरळ होती. पण पट्टेरी नवराही निघाला. आणि नणंद डॉक्टरकडे जाणार म्हटल्यावर सासूबाई घरी राहणं शक्यच नव्हतं. त्यांनी बाळाला उचललं. मास्तरणीने शिकवणीच्या गाडीत सगळ्यांना कोंबलं आणि छतावर शिकाऊ गाडीची पाटी तशीच ठेवून ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या दारात आली.

डॉक्टरीणबाईंनी खोलीत शिरलेल्या वरातीकडे एकवार पाहिलं. लाल आत्याबाई, पट्टेरी नवरा, तुकतुकीत बाळ आणि पिठूळ पावडर लावलेल्या सासूबाई.

"पेशंट कोण?"

सगळ्यांनी मास्तरणीकडे बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळी हकिगत ऐकून घेतली. मधे एकदा त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि खोकल्यासारखं केलं. मग पांढरी डबी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली.

"यात काय आहे ते डबीवर लिहिलेलं नाही. म्हणजे लिहिण्यासारखं नसणार. अशा क्रीममध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. लावलं की उजळतं, सोडलं की पेटतं. हे पुन्हा लावायचं नाही. मी सांगते तसं करा, महिना-दोन महिने धीर धरावा लागेल."

"दोन महिने?" आत्याबाई किंचाळल्या. "लग्न पंधरवड्यावर आलंय!"

"नवरी तुम्ही आहात का?"

आत्याबाई गप्प बसल्या. आपल्या हयातीत आत्याबाईंना गप्प करणारं माणूस बघून सासूबाईंना भरून आलं.

"आणि तुम्ही," डॉक्टरीणबाई नवऱ्याकडे वळल्या, "लिंबू लावून उन्हात बसलात. पट्टे जातील हळूहळू. तोवर लिंबू फक्त पोटात."

मग त्यांनी खुर्ची मास्तरणीजवळ ओढली. दिव्याखाली तिचा एक गाल पाहिला, मग दुसरा. "तुम्ही रोज एकाच खिडकीपाशी बसता का? हा गाल जास्त गडद आहे."

"गाडी शिकवते. शेजारच्या सीटवर."

"तेच. काच बंद असली तरी ऊन आत येतं. गरोदरपणात हार्मोन्समुळे हे सुरू होतं, ऊन ते वाढवतं. तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही, काही खाल्लं-प्यालं म्हणूनही झालेलं नाही." त्या जरा थांबल्या. "पाळणा लांबवायच्या गोळ्या घेता का? त्यांनीही वाढतं कधीकधी."

नवऱ्याने भिंतीवरचं नखांच्या आजारांचं चित्र मोठ्या आवडीने वाचायला घेतलं. आत्याबाईंनी कान टवकारले.

"नाही घेत," मास्तरीण म्हणाली. आणि मग आत्याबाईंचा चेहरा बघून तिला राहवलं नाही. "ह्यांनाच हल्ली लिंबूवाला म्हणून जवळ येऊ देत नाही."

नवऱ्याचे न रंगलेले भागही रंगले.

"घरात आणखी कुणाला होतं का हे?" डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"मला," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचं रक्ताचं नातं नाही, आजी. मी तिच्या आईचं, मावशीचं विचारतेय."

पण आता आत्याबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. "तुला? वांग? कधी, वहिनी?"

"हा झाला तेव्हा," सासूबाईंनी मुलाकडे मानेने खूण केली. "दोन-तीन वर्षं होतं चांगलं."

"मला कसं नाही दिसलं?"

"दिसू दिलं असतं तर दिसलं असतं ना, वन्सं! पहाटे उठून पावडर थापायची मी. तुम्ही यायच्या दिवशी तर दोनदा." सासूबाईंनी बाळाचं टोपडं उगाचच नीट केलं. "एकटीने बटाटे घासले. कुणाला विचारायची सोय नव्हती. म्हणून म्हटलं, हिच्यासाठी तरी वेळेवर कुणीतरी काहीतरी करावं."

आत्याबाईंनी पर्समधून रुमाल काढला, सासूबाईंना दिला, आणि मग आपल्यालाही लागेल हे लक्षात येऊन परत घेतला.

डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला तो इतका साधा होता, की सगळ्यांचा विरस झाला. रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन सकाळी लावायचं, उन्हात काम असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. रुंद काठाची टोपी, गाडीतसुद्धा. रात्री एक क्रीम, बाळाला पाजत असताना चालणारं. घासायचं नाही, सोलायचं नाही. जास्त कडक औषधं आत्ता नकोत. पाजणं संपल्यावर गरज वाटली तर बघू. "महिनोन्महिने लागतील. पुसट होईल. पूर्ण जाईल असं वचन देत नाही, आणि उन्हाळ्यात पुन्हा थोडं डोकं वर काढेल. तेव्हा घाबरायचं नाही."

मास्तरणीने दुसऱ्या दिवसापासून टोपी घालायला सुरुवात केली. तिचा काठ एवढा रुंद, की हेडक्लार्कांना बाजूचा आरसाच दिसेना. "मॅडम, मला डावीकडचं जग दिसत नाही." "मग मान वळवून बघायला शिका," ती म्हणाली, "परीक्षेत तेच विचारतात." आणि खरंच, हेडक्लार्क पहिल्या फटक्यात पास झाले.

लग्नाच्या दिवशी तिचे डाग किंचितसे कमी झाले होते, म्हणजे माहीत असणाऱ्याला कळतील इतपत. छटेच्या सनस्क्रीनमुळे उरलेले आणखी फिके दिसत होते. ती बिचकतच मंडपात शिरली, आणि पाचच मिनिटांत तिच्या ध्यानात आलं, की तिच्याकडे बघायला कुणाला सवडच नाही. सगळे आत्याबाईंना गाठत होते. "अगंबाई, काय झालं हे? मुलगी जाणार म्हणून रडून रडून ना?" आत्याबाईंनी हे कारण हसत हसत स्वीकारलं आणि दुपारपर्यंत त्या जगातल्या सगळ्यात हळव्या आई म्हणून गाजल्या. उरलेले नवऱ्याभोवती जमले होते. कुणी म्हणे वाघाशी झटापट झाली, कुणी म्हणे बायकोशी.

"बायकोशी," मास्तरीण जाता जाता म्हणाली आणि बाळाला घेऊन पुढे गेली.

फोटो काढणाऱ्याने घरच्यांना रांगेत उभं केलं, मान तिरकी करून पाहिलं आणि मास्तरणीला पुढच्या ओळीत बोलावलं. म्हणाला, या बाजूला तुमचाच चेहरा जरा बरा आहे.

पुढे काही आठवड्यांनी फोटो आले. सगळे टेबलाभोवती जमले. आत्याबाई गोऱ्यापान, नवरा बिनपट्ट्यांचा, मास्तरीण उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत. फोटोवाल्याने कंप्युटरवर सरसकट सगळ्यांचे चेहरे धुऊन काढले होते. आत्याबाईंनी तो फोटो छातीशी धरला. सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"माझा तीळ कुठाय?"

सासूबाईंच्या हनुवटीवर एक ठसठशीत तीळ होता. सासऱ्यांनी म्हणे तो तीळ पाहूनच लग्नाला होकार दिला होता. तो फोटोतून साफ गेला होता.

"आत्ताच्या आत्ता गाडी काढ," सासूबाई सुनेला म्हणाल्या.

फोटोवाल्याच्या दुकानात सासूबाई त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि पडद्यावर बोट टेकवून सांगू लागल्या. "जरा खाली. अजून खाली. एवढा बारीक नाही हो, तीळ आहे की मोहरी? हं, आता भरा. गडद करा. ह्यांना दुरून दिसला होता तो."

फोटोवाल्याने घाम पुसत तीळ बसवला. मग त्याने अदबीने मास्तरणीकडे पाहिलं. "ताई, तुमचेही डाग परत आणू का? म्हणजे तुमची तक्रार नको नंतर."

मास्तरणीने टोपी मागे सरकवली आणि वाकून पडद्यावरच्या आपल्या गुळगुळीत गालांकडे निरखून पाहिलं. सासूबाईही तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"छे हो," ती म्हणाली. "इतक्या जणांनी इतके उपाय केले, पण इतका झटपट कुणाचाच लागू पडला नव्हता. गेलेत ते राहू देत!"

सासूबाई इतक्या हसल्या, की फोटोवाल्याचा हात हलला आणि तीळ नाकावर गेला.